डाव्या पायाखालचा दगड

चांद कागदी जन्मात एकदाच कॉलेजात गेला होता, आणि तेव्हा त्याने वहाणा बाहेर काढून ठेवल्या होत्या.

मुलाला, अन्सारला, पुण्याला पोचवायला तो गेला होता. दगडी कमानी, लांबच लांब व्हरांडे, घंटा वाजली की इकडून तिकडे जाणारी शेकडो पोरं, हे सगळं तो मान वर करून बघत चालला होता. ग्रंथालयाच्या दाराशी मात्र त्याचे पाय आपोआप थांबले. जमिनीपासून छतापर्यंत पुस्तकंच पुस्तकं. एवढा कागद एका जागी त्याने कधी पाहिला नव्हता, आणि त्यातलं एक अक्षरही त्याला वाचता येत नव्हतं. सगळी हयात कागद करण्यात गेलेला हा माणूस सहीच्या जागी अंगठा उठवायचा. त्याने दर्ग्याच्या उंबऱ्याशी काढाव्यात तशा वहाणा काढल्या, टोपी नीट केली आणि अनवाणी आत शिरला. दोन पोरं खिदळली. शिपाई म्हणाला, बाबा, इथं काढायची जरूर नाही. चांद म्हणाला, जरूर नसंल, पण मला काढाव्याशा वाटल्या. अन्सार हसला नाही, एवढं चांदने मनात ठेवलं.

त्या दिवसापासून कॉलेज हा शब्दही तो हळू आवाजात उच्चारायचा.

जुन्नरात एके काळी कागद्यांची पुष्कळ घरं होती. गिरणीचा कागद आला आणि एकेक हौद बुजत गेला. कुणी शिवणकाम धरलं, कुणी विड्यांच्या कारखान्यात गेलं, एकजण एस.टी.त कंडक्टर झाला आणि तिकिटं फाडू लागला. हातकागद गेला तरी कागद सुटला नाही म्हणायचा तो. एकोणीसशे पंचावन्न साली हौद चालू राहिला होता तो फक्त चांदचा. गिऱ्हाईक म्हणजे दोन-चार जुने व्यापारी आणि पुण्याचं एक खादीचं दुकान.

काम सोपं नव्हतं. जुने दोर, सुतळ्या, गोणपाटं तोडायची, चुन्यात मुरवायची, कुटायची, कुकडी नदीच्या पाण्यात पुन्हापुन्हा धुवायची. तो पांढरा लगदा हौदात कालवायचा. हौदाच्या कडेला कमरेइतका खोल खड्डा, त्यात उभं राहायचं आणि छापरी, म्हणजे गवताच्या बारीक काड्यांची घोड्याच्या केसांनी विणलेली चटई, चौकटीवर ताणून पाण्यात बुडवायची. वर उचलली की पाणी गळून जातं आणि छापरीवर ओल्या सायीसारखा एक कागद उरतो. तो भिंतीवर वाळवायचा, खळ लावायची, दगडाने घोटायचा. घोटायचं काम चांदची बायको जैबुन्निसा करायची. पण सगळी करामत त्या उचलण्यात. उचलताना हात किती तिरपा झाला, किती थरथरला, ते कागद विसरत नाही.

त्या खड्ड्यात कायम घोटाभर पाणी झिरपायचं. पस्तीस वर्षं त्यात उभं राहून चांदचे गुडघे गेले होते. सकाळी उठताना तो भिंतीला धरून उठायचा. एकुलता एक पोरगा जन्माला आला तेव्हाच त्याने जैबुन्निसाला सांगून टाकलं होतं, हा या खड्ड्यात उतरणार नाही. त्याने शपथ वगैरे घेतली नव्हती. शपथेची गरज पडेल असं त्याला वाटलंच नव्हतं.

आणि कार्तिकात, ऐन सत्राच्या मध्यात, अन्सार ट्रंक घेऊन घरी आला. सुट्टी नव्हती. कॉलेज सोडलं म्हणाला.

आजारी आहेस का, नापास झालास का, कुणी काही बोललं का, भांडण केलंस का, असे चांदने ओळीने चार प्रश्न विचारले आणि चारींना नाही असं उत्तर आलं. मग काय झालं? अन्सार म्हणाला, मला कागद करायचाय. चांदने त्याच्याकडे पाहिलं, उठला, आणि दोन दिवस तोंडातून शब्द काढला नाही. त्याचं न बोलणं शिव्यांपेक्षा वाईट. जैबुन्निसा दोघांना वेगवेगळं वाढायची आणि दोघांचं वेगवेगळं ऐकायची.

तिच्याजवळ अन्सार थोडं मोकळं बोलला. रसायनशास्त्राच्या तासाला लाकूड, कापूस, कागद कशाचा बनतो ते शिकवत होते. त्याने उभं राहून सांगितलं, आमच्या घरी कागद करतात. सर म्हणाले, जुन्नरचा ना, तो बंद पडून जमाना झाला. अन्सार म्हणाला, नाही सर, एकजण आहे अजून. वर्ग पुढे गेला, पण त्याच्या डोक्यात ते ‘एकजण’ तसंच राहिलं. झोपताना राहिलं, जेवताना राहिलं. जैबुन्निसाला हे पटलं असं नाही, पण तिने ते तसंच्या तसं नवऱ्याच्या कानावर घातलं. चांद एवढंच म्हणाला, सोमवारच्या सकाळच्या गाडीने जायचं. परीक्षेचा फॉर्म भरायची मुदत अजून आहे, मास्तरांच्या पाया पडायचं आणि बसायचं वर्गात.

शुक्रवारी चांद नमाजाला गेला आणि तिथून एका ओळखीच्याकडे अडकला. परतला तर वाळवणाच्या भिंतीवर अकरा कागद चिकटवलेले. त्याचे नव्हते. अन्सार अंगणात चौकटी धूत होता, विजार गुडघ्यापर्यंत ओली.

चांदच्या डोक्यात तिडीक गेली. पण कागद समोर आला की तो आधी कागदच बघायचा, ते त्याच्या हातात नव्हतं. त्याने एक कागद अलगद सोडवला आणि उन्हाकडे धरला. पोत बरा होता, एवढा बरा असेल असं त्याला वाटलं नव्हतं. मग त्याची नजर डाव्या खालच्या कोपऱ्यावर गेली. तिथे लगदा जास्त साचला होता, कोपरा जाड, दुधी दिसत होता. त्याने दुसरा काढला. तोच कोपरा. अकराच्या अकरा कागदांना तोच दोष.

त्याला बरंच वाटलं, हे कबूल करायला हवं. भांडण करायची गरजच उरली नाही. पोराला बोलावून त्याने कोपरा दाखवला आणि तीन दिवसांत पहिल्यांदा त्याच्याशी बोलला. लहानपणी त्याचा स्वतःचाही हात असाच डावीकडे कलायचा. त्याचे वडील, पीरमहंमद, पाठीमागे छडी घेऊन उभे राहायचे आणि कोपरा जाड आला की मनगटावर एक द्यायचे. तरी जाईना. वयाच्या विशीत कधीतरी तो दोष सुटला. ज्याच्या हातात हा बाक आहे त्याने कागदाच्या नादी लागू नये, असं सांगून तो म्हणाला, सोमवारी जायचं. अन्सारने मान खाली घातली. कागद आपल्याला येत नाही, हे त्याने बापाच्या तोंडून ऐकलं होतं. त्या संध्याकाळी त्याने पुस्तकं पुन्हा ट्रंकेत भरली.

रविवारी जुन्नरचा बाजार. दुपारी शिनोलीचा यमाजी धनगर चांदचं घर विचारत आला. पूर्वी त्यांच्या घरात मेंढरांचे मोठे कळप होते. आता शेती होती आणि सवय म्हणून पंधरा-वीस मेंढरं. अंगावर घोंगडी, हातात बांबूची एक नळी, आणि ती नळी त्याने पोटाशी अशी धरली होती की बाजारातल्या गर्दीत कुणाचा धक्का लागू नये.

त्याचं काम असं होतं. जमिनीचे जुने कागद कचेरीत दाखवायचा हुकूम निघाला होता. यमाजीच्या घरी वाडवडिलांपासून एक कागद होता. डोंगराच्या एका पट्टीत मेंढरं चारायचा हक्क त्यावर लिहून दिलेला. दर दसऱ्याला त्याची पूजा व्हायची, हळदकुंकू लागायचं, पण उलगडून कुणी बघत नसे. आता उलगडला तर घडीवर चिरा पडायला लागल्या. पुण्यात एकाला दाखवला, तो म्हणाला, मागून तसलाच पातळ हातकागद लावून घ्या. गिरणीचा लावाल तर तो आखडेल आणि जुन्यालाही फाडेल. पण तसला कागद आता कुणी करत नाही.

“म्या म्हनलं, न्हाई कसा, जुन्नरात बघतो,” यमाजी म्हणाला. “तवा आलो. भाऊ, व्हईल का?”

चांदने ओसरीवर स्वच्छ फडकं अंथरलं. यमाजीने नळीतून कागद काढला आणि दोन्ही हातांनी दिला. हळदीचे डाग, कडा मळलेल्या, पण मधला पांढरेपणा जिवंत होता. मोडीतल्या काळ्या ओळी काल लिहिल्यासारख्या. अन्सारला शाळेत मोडी होती. चांदने त्याला हाक मारली, साल वाच म्हणाला. अन्सार गुडघ्यावर बसून अक्षर लावत गेला. शके सतराशे चार. मग त्याने मनात हिशोब केला आणि म्हणाला, एकशे त्र्याहत्तर वर्षं झाली.

यमाजीने हात जोडले, सवयीने. मागून लावायचा कागद किती पातळ हवा ते ठरवायला चांदला जुन्याची जाडी बघायला हवी होती. त्याने कागद उचलला आणि अंगणातल्या उन्हाकडे धरला. काड्यांच्या रेघा उमटल्या, सरळ, बारीक, एकसारख्या. काय छापरी असेल ती, असं त्याच्या मनात आलं. नजर रेघांवरून सरकत एका कोपऱ्याशी आली आणि तिथेच अडकली.

कोपरा दुधी होता. जाड होता.

त्याने कागद खाली घेतला, बोटांनी दोन्ही बाजू चाचपल्या. छापरीची बाजू बोटाला कळते, ती किंचित खरबरीत असते. ती बाजू खाली करून त्याने कागद पुन्हा उन्हात धरला, उचलणाऱ्याच्या अंगाने. जाड कोपरा डावीकडे आला. डावा, खालचा.

त्याने कागद अलगद फडक्यावर ठेवला. ओसरीच्या खांबाला पाठ टेकून तो बसला आणि अन्सारकडे बघत राहिला. अन्सारलाही दिसलं होतं. तो धावत जाऊन भिंतीवरचा आपला एक कागद घेऊन आला. दोघांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी उन्हात धरले. एक परवाचा आणि एक पावणेदोनशे वर्षांपूर्वीचा, आणि दोन्हींचा एकच कोपरा एकाच ठिकाणी भरून आलेला.

यमाजीला काही कळेना. कागद बिघडला का, त्याने घाबरून विचारलं.

“न्हाई पावणं,” चांद म्हणाला. “तुमचा कागद आमच्या घरचा हाय.”

पण चांद नुसता भारावून बसणारा माणूस नव्हता. कागद्याच्या डोक्यात लगेच दुसरा प्रश्न आला. मनगटाचा बाक बापाकडून मुलाकडे जाईल, एक वेळ दोन पिढ्या जाईल. पण सहा-सात पिढ्या? आणि अन्सारला छापरी उचलायला कुणी शिकवलं होतं? कुणीच नाही. मग हात कलला कसा? तो उठला, भिंतीला धरत हौदाकडे गेला आणि खड्ड्यात डोकावला.

“हितली वीट कुटं गेली?”

“मीच काढली,” अन्सार म्हणाला. “पायाखाली डुगडुगत व्हती.”

तीस वर्षांपूर्वी, विशीत, पाय वाकडा पडतो म्हणून चांदनेच डाव्या पायाखाली एक वीट सरकवली होती. वडिलांना सांगितलंही नव्हतं. तेव्हापासून कोपरा जाड येणं थांबलं. वडील खूश झाले, छडी गेली, आणि वीट कशासाठी घातली ते चांद विसरून गेला. आपला हात सुधारला, अशीच त्याची एवढी वर्षं समजूत होती.

तो कठड्यावर बसला आणि पाय आत सोडून हळूहळू उतरला. अन्सार मदतीला धावला, पण त्याने हाताने थांबवलं. तळाला मोठा काळा दगड बसवलेला होता. पाणी गार होतं. त्याने दोन्ही पावलं टेकवली. उजवं पाऊल सपाट टेकलं. डावं खाली गेलं, बोटभर, दोन बोटं, एका गुळगुळीत खोलग्यात जाऊन बसलं. टाच टाचेच्या जागी, चवडा चवड्याच्या जागी. तो खोलगा छिन्नीचा नव्हता. उचलताना सगळा भार डाव्या पायावर येतो. किती माणसांचा, किती वर्षं भार आला असेल तेव्हा काळा पाषाण पावलाएवढा झिजला. त्या खोलग्यात जो उभा राहील त्याचा देह डावीकडे कलणार आणि त्याचा कागद त्या कोपऱ्यात भरणार. पीरमहंमदचा भरला, त्यांच्या बापाचा भरला, ज्यांची नावंही कुणाला ठाऊक नाहीत त्यांचा भरला. पेशवाई गेली, इंग्रज आले आणि गेले, आणि हा दगड इथेच होता. पुण्याच्या त्या दारात जसं छातीत भरून आलं होतं तसंच चांदला आता भरून आलं. फरक एवढाच, की तिथे तो परका होता.

त्याला रडू आलं आणि त्याने ते लपवलं नाही.

यमाजी घोंगडी सावरून बाजूला उभा होता. घरातून जैबुन्निसा बाहेर आली होती. अन्सार कठड्याशी उकिडवा बसला. गेले चार दिवस जे बोलायचं राहिलं होतं ते तो आता बोलला, आवाज न चढवता.

“अब्बा, कालेज पुढल्या साली बी तितंच असंल. त्याच्या पुढल्या साली बी. तुमी असाल का?”

पोराला या गार पाण्यातून वाचवायला आपण अर्धं आयुष्य घालवलं, आणि ते काही चुकीचं नव्हतं, हे चांदला माहीत होतं. गुडघे खरे होते. उद्या याचेही जातील. गिरण्या काही बंद पडणार नव्हत्या, आणि दगड झिजला म्हणून कुणी कागद विकत घेत नाही. कॉलेज सोडणं शहाणपणाचं की वेडेपणाचं, हे ज्यांना कळतं त्यांनी खुशाल सांगावं. चांदला त्या क्षणी ते कळत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही. त्याला एवढंच कळत होतं की पुस्तकं छतापर्यंत रचलेली आहेत, ती कुठे जात नाहीत. हे मात्र जाईल. आपण गेलो की या खोलग्यात पाणी साचेल, आणि हा कशाने पडला ते सांगणारा कुणी उरणार नाही.

त्याने छापरी मागितली. अन्सारने चौकटीवर ताणून दिली. चांदने हौद ढवळला, विटेशिवाय, त्या खोलग्यात पाय रोवून छापरी बुडवली आणि उचलली. पाणी गळालं. कोपरा भरून आला होता. तीस वर्षांच्या सफाईदार हाताला दगडाने एका घटकेत आपल्या वळणावर आणलं होतं. चांद त्या ओल्या कागदाकडे बघून हसला, आणि तो कागद त्याने परत हौदात कालवून टाकला.

मग त्याने हात वर केला. अन्सारने काखेत हात घालून त्याला बाहेर ओढलं. बाहेर आल्यावर तो धापा टाकत कठड्यावर बसला, गुडघे चोळले, आणि यमाजीला म्हणाला, आठ दिवसांनी या, पुढच्या बाजाराला, तुमचा कागद मागून लावून तयार असेल. यमाजीने विचारलं, पातळ निघंल ना तुमच्या हातचा? चांद म्हणाला, माझ्या हातचा नाही.

अन्सारच्या लक्षात यायला जरा वेळ लागला.

“उतर,” चांद म्हणाला. “यमाजीरावांचा कागद तू उचलायचा. शंभर उचल, त्यातला एक निघंल.”

अन्सारने वहाणा काढल्या, विजार दुमडली. उतरण्याआधी त्याने विचारलं, वीट ठेवू का पायाखाली. हात सफाईने चालायला हवा, यमाजीचं काम नाजूक होतं, प्रश्न बरोबर होता.

“वीट मंग,” चांद म्हणाला. “आदी तुज्या पायाला त्यो दगड कळू दे.”

अन्सार खड्ड्यात उतरला आणि डाव्या पावलाने पाण्याखाली जागा चाचपू लागला.